कोंडाई, चिमाई आणि घाटातलं कच्चं मडकं

ही गोष्ट इतकी जुनी आहे ना, की तेव्हा राजा कोण होता हे सांगणाऱ्यांनाही आठवत नाही. पण दोन जावा मात्र सगळ्यांना आठवतात. काल भेटल्यासारख्या!

तर फार वर्षांपूर्वी घाटाखाली तांबडवाडी होती, कुंभारांची. बाजार वर पठारावर. घरचे पुरुष चाक फिरवायचे, बाया लाकडी थापीने मडकी ठोकून गोल करायच्या, आणि विकायलाही बायाच जायच्या, गाढवांवर जाळीत मडकी भरून. आणि मध्ये घाटात बसला होता दौलतनाईक, चौकी टाकून. आठ मडकी गेली की चार त्याची. का, तर म्हणे मी चोरांपासून वाट राखतो. लोक विचारायचे, चोर कुठे आहेत? तो म्हणायचा, मी आहे म्हणून नाहीत. घ्या आता!

कोंडाई थोरली जाऊ, चिमाई धाकटी. चौकी उठावी असं दोघींनाही वाटायचं, अगदी सारखंच. भांडण होतं ते कशी उठवायची यावर.

कोंडाई म्हणाली, "डोंगर काय याच्या बापाने चाकावर घडवला? एकही देणार नाही." आणि खरंच नाही दिलं. चौकी टाळून डोंगराला वळसा घालून जायची, दोन दिवसांची काट्यांची वाट. गाढव त्या वाटेवर मेलं, तर ही डोक्यावर मडकी घेऊन निघाली. असं म्हणतात, तिला बघून करवंदीच्या जाळ्या स्वतःहून बाजूला सरकायच्या.

चिमाई मात्र सरळ चौकीवर जायची. नाईकाशी गोड बोलायची, हसायची, रडायची, तासन् तास डोकं खायची. पहिल्या वर्षी चाराची तीन झाली. मग दोन! वाडीत पोरांच्या ताटात भाकरी वाढली आणि बाया चिमाईला हळदकुंकू लावायला लागल्या.

आणि इथेच सगळा जाळ सुरू झाला. कोंडाई रक्ताळलेल्या पायांनी घरी यायची आणि बघायची काय, तर चिमाईच्या दारात ही गर्दी. दार आपटून आत जायची. पण चिमाईला सुख होतं का? छे! बाजारात लोक कोंडाईचं मडकं आधी उचलायचे. "याला नाईकाचा हात लागलेला नाही," म्हणून कपाळाला लावायचे. चिमाईची चाळीस मडकी तशीच, आणि कोंडाईची तीन हातोहात गायब.

असं म्हणतात, दोघी एका विहिरीवर आल्या की पाणी गरम व्हायचं. कोंडाई सुरुवात करायची.

"आली का गं दोन मडक्यांची महाराणी?"

"माझी नाईक दोन घेतो, जाऊबाई. तुमची वाटेत पाच फुटतात. हिशेब येतो ना?"

"फुटतात ती माझ्या हातून फुटतात. कुणाला वाकून देत नाही मी."

"हो ना. पोरांना तेच वाढा मग, न वाकलेलं."

मग एका वर्षी आखाजी तोंडावर आली. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, घरोघरी पितरांच्या नावाने नवी घागर भरतात. कुंभारांच्या वर्षाची कमाई त्याच चार दिवसांत. आणि नेमका तेव्हा नाईक चिमाईला म्हणाला, "जा, आता आठातलं एकच घेईन. पण तुझी थोरली जाऊ येऊन स्वतःच्या हाताने मडकं देईल तर. नाही आली, तर उद्यापासून पाच." सगळ्या खोऱ्यात एकच मान वाकली नव्हती ना, ती त्याला झोपू देत नव्हती.

अख्खी वाडी कोंडाईच्या अंगणात. शेवटी चिमाई पुढे झाली.

"जाऊबाई, एक मडकं. एकच."

"एक दिलं की वाट त्याची आहे हे मान्य केलं, चिमे. मग एक काय न् चार काय."

"आणि नाही दिलं तर पाच! खरं सांगा, तुमचं तत्त्व आडवं येतंय, का मी?"

कोंडाईला तिचं तिलाच कळेना! थापी घेऊन बसली आणि दिवसभर एक मडकं ठोकत राहिली. असं सुंदर मडकं त्या वाडीत कुणी पाहिलं नव्हतं. गेरूने रंगवलं, घोटून चमकवलं. पण भट्टीत घातलं नाही. भाजलेलं मडकं कुणाचं तरी होतं, कच्चं मडकं मातीचंच राहतं.

दुसऱ्या दिवशी दोघी चौकीवर, मागे सगळी वाडी. नाईकासमोर कोंडाईने मडकं खाली ठेवलं. आणि कुंभाराच्या बाईची सवय कशी असते, मडकं दिसलं की बोटाने टिचकी मारायचीच. चिमाईने मारली. पक्कं मडकं टणकन वाजतं. हे वाजलं, भद्द!

चिमाईला एका क्षणात कळलं. नुसतं बोलायचं होतं, 'नाईक, कच्चं आहे.' जाऊ उघडी पडली असती, नाईकाच्या मर्जीने आठातलं एक पक्कं झालं असतं, आणि वाडीत एकटीचंच नाव राहिलं असतं. गप्प बसली तर इतक्या वर्षांची बोलणी मातीत जायची भीती.

चिमाई म्हणाली, "पक्कं आहे, नाईक. पाणी गार राहील."

नाईक इतका फुगला, की चौकीवरची जुनी सगळी मडकी फोडून टाकली त्याने. आता याच मडक्यातलं पाणी पिणार! खालून आणवलेलं पाणी ओतलं, आणि मडकं त्याच्या हातात विरघळलं. चिखल कोपरापर्यंत. त्याने चिडून पुढच्या प्रत्येक गाढवावरचं ठरलेलं एकेक मडकं ओढून घेतलं. असं म्हणतात, तीसुद्धा पाणी घालताच विरघळली, चांगली भट्टीत भाजलेली! घाटात ना झरा ना विहीर, पाणी साठवायला मडकं नाही, वर वैशाखाचं ऊन. सात दिवसांत चौकी उठली.

मग काय, दोघी गळ्यात पडल्या? अजिबात नाही! कोंडाई मरेपर्यंत म्हणायची, माझ्या नकाराने उठली. चिमाई म्हणायची, मी चाराचं एक केलं नसतं, तर चारातलं एखादं न विरघळता टिकलंच असतं की! पण तिसऱ्या कुणी एकीला नावं ठेवली, की दुसरी थापी घेऊन धावायची.

तांबडवाडी अजून हे भांडण भांडते. मध्ये कुणीतरी घाटात गाड्या थांबवून पावत्या फाडायला लागलं. अर्धी वाडी म्हणाली एक रुपया देणार नाही, अर्धी म्हणाली आधी निम्मे करून घेऊ. घराघरात अबोला!

पण आखाजीच्या आदल्या दिवशी सगळे घाटात जमतात. प्रत्येक घरच्या दोन जावा येतात, वर्षभर एकमेकींचं तोंड न बघणाऱ्यासुद्धा. थोरली कच्चं मडकं दगडावर ठेवते. धाकटी टिचकी मारते. भद्द आवाज सगळ्यांना ऐकू येतो. धाकटी मोठ्याने म्हणते, "पक्कं आहे," आणि कुणी हसत नाही. मग दोघी मिळून पाणी ओततात. मडक्याचा गाळ होऊन वाटेवर पसरतो, आणि तोवर मडक्यांनी भरलेले टेम्पो मागे उभे असतात, एकही हॉर्न न वाजवता.