न काढलेलं टोपण

फार फार वर्षांपूर्वी एका डोंगरउतारावर दाट जंगल होतं. त्या जंगलातले प्राणी बोलत, भांडत, रुसत आणि कॉम्प्युटरवर गेम खेळत. जंगलात कॉम्प्युटर कुठून आला, असं कुणाला विचारायचं असेल, तर त्याने आधी मला सांगावं की गोष्टीतला कोल्हा बोलायला कुठे शिकला. तो चालतो ना? मग हेही चालवून घ्या. ओढ्यावर एक पाणचक्की होती, तिच्यातून वीज यायची आणि ज्याच्या त्याच्या ढोलीत, बिळात कॉम्प्युटरचा एकेक डबा होता. एवढं पुरे.

त्या जंगलात दोन खारी राहत होत्या, सख्ख्या बहिणी. थोरली अतिशय चळवळी. एका फांदीवर बसली की तिला दुसरी दिसायची, दुसरीवर गेली की तिसरी. धाकटी शांत होती आणि तिला लवकरच पिल्लं होणार होती. त्यांच्या ढोलीला उत्तरेकडून मोठी फट पडली होती. मागच्या हिवाळ्यात त्या फटीतून असा वारा आला होता की दोघी शेपट्या गुंडाळून नुसत्या कुडकुडत बसल्या होत्या.

दरवर्षी थंडी पडायच्या आधी जंगलात गेमचा सामना व्हायचा. ज्याने त्याने आपल्या घरी बसूनच खेळायचं आणि निकाल वानरांनी झाडावरून झाडावर ओरडून सांगायचा, अशी रीत होती. गेममध्ये फांद्यांवरून पळायचं असे. वरून शिकरा झडप घाली. त्याची सावली दिसली रे दिसली की उडी मारायची. जो शेवटपर्यंत वाचला, तो जिंकला. या वर्षीचं बक्षीस होतं जुन्या बेहड्याच्या बुंध्यातली ढोली. जाड भिंतींची, दक्षिणेला तोंड असलेली, उबदार.

"ताई, ती ढोली मिळाली तर पिल्लं गारठणार नाहीत गं," धाकटी म्हणाली.

"मिळणार म्हणजे मिळणार. खऱ्या शिकऱ्याला मी रोज चकवते, हा तर पडद्यावरचा!"

पण पडद्यावरचा शिकरा तिला रोज पकडायचा. चित्र अडखळायचं. सावली दिसेपर्यंत नखं पाठीत रुतलेली असायची. डबा साधाच होता, त्यात चित्र झपाझप काढणारं ग्राफिक्स कार्ड नव्हतं. डब्यातला मुख्य भाग, मदरबोर्ड, स्वतःच जेमतेम जमेल तसं चित्र काढून दाखवायचा.

दोघींनी वर्षभर चारोळी साठवली होती. त्यांनी साठ्याचे दोन ढीग केले. मोठा हिवाळ्यासाठी, लहान डब्यासाठी. ठरलं की लहान ढीग संपला की थांबायचं.

जंगलात सुट्या भागांचा धंदा करायची ती घूस. ओढ्याकाठच्या तिच्या बिळात काय नव्हतं! थोरलीने लहान ढिगातली बरीचशी चारोळी देऊन तिच्याकडून एक मध्यम ग्राफिक्स कार्ड आणलं. डब्याची कूस उघडली, कार्ड खाचेत बसवलं, कूस बंद केली आणि डब्याची पाठ पुन्हा ढोलीच्या भिंतीला गच्च टेकवून ठेवली.

ही पाठ टेकवायची गोष्ट नीट लक्षात ठेवा. खारी, उंदीर, घुशी, साळिंदरं यांचे दात सारखे शिवशिवतात आणि वायर दिसली की त्यांना राहवत नाही. म्हणून त्या जंगलात प्रत्येक जण डब्याची पाठ भिंतीला लावूनच ठेवायचा आणि दुसऱ्याच्या डब्यामागे जाणं हा तर मोठा अपमान समजला जायचा. धाकटीला दिवस राहिल्यापासून भलतंसलतं चावावंसं वाटत होतं. त्यामुळे थोरलीने आपला डबा आणखीच घट्ट लावला होता.

डबा सुरू केला. चित्र आलं. थोरली आनंदाने गोल गोल फिरली. मग खेळायला बसली आणि शिकऱ्याने तिला पहिल्याच फांदीवर उचललं.

"अजून अडखळतंय," ती म्हणाली.

"ताई, एकदा सगळं नीट लागलंय का बघतेस का?"

"चित्र येतंय म्हणजे नीटच लागलंय. काहीतरी कमी पडतंय."

त्या दिवसापासून तिच्या पायाला भिंगरी लागली. ती खाली जायची, वर यायची, या झाडावरून त्या झाडावर जाऊन सल्ले गोळा करायची. मैना म्हणाली, "रॅम वाढव गं, सगळं रॅमवर असतं." थोरलीने रॅमच्या पट्ट्या आणल्या आणि लहान ढीग संपला. शिकरा काही हटेना. वानर म्हणालं, "आत गरम होत असणार. पंखे लाव, रंगीत दिव्यांचे लाव, भारी दिसतात." तिने मोठ्या ढिगाच्या कडेची चारोळी नेऊन पंखे आणले. ढोली जांभळी-हिरवी उजळली. त्या उजेडात शिकरा मात्र आणखी स्पष्ट दिसायला लागला, एवढाच फरक.

तिला झोप येईना. खाताना ती पडद्याकडे बघायची, पडद्यासमोर बसली की घुशीच्या बिळाकडे. मला तिची दया येते आणि रागही येतो. बहिणीच्या पिल्लांसाठीच चाललं होतं सगळं, पण त्या बहिणीशी दोन शब्द बोलायला तिला सवड नव्हती.

सामना तोंडावर आला तेव्हा तिने कार्ड उपसून काढलं आणि घुशीकडे नेलं.

"मावशी, हे परत घे आणि तुझ्याकडचं सगळ्यात मोठं दे."

घुशीने कार्ड उलटसुलट करून पाहिलं. पडद्याची वायर जिथे लावतात त्या भोकांवरची रबरी टोपणं अजून जशीच्या तशी होती.

"टोपणंसुद्धा काढली नाहीस गं! फारच जपून वापरलंस."

"मग! माझं काम नीटच असतं," थोरली फुशारून म्हणाली.

घूस गालात हसली. तिला कळलं की नाही, देव जाणे. कळलं असलं तरी ती कशाला बोलते? "मोठं कार्ड घेतेस तर त्याला वीज पुरवणारा पॉवर सप्लायही मोठा लागेल हं," एवढं मात्र तिने आठवणीने सांगितलं.

जुन्या कार्डाचे तिने ओंजळभरच दाणे दिले. नवं कार्ड आणि पॉवर सप्लाय घेण्यात हिवाळ्याचा ढीग जवळजवळ सगळा गेला. रिकाम्या कोपऱ्याकडे धाकटी बघत राहिली.

"ताई, आपलं ठरलं होतं ना गं?"

"बेहड्याची ढोली मिळू दे, मग बघ. पोटाचं मी बघते. तू काळजी करू नकोस."

सामन्याच्या दिवशी सकाळी थोरली पडद्यासमोर बसली. डब्यात जंगलातलं सगळ्यात मोठं कार्ड होतं, सगळ्यात जास्त रॅम होती, पंखे भिरभिरत होते. खेळ सुरू झाला. फांद्या आल्या, त्या अडखळल्या, आणि शिकऱ्याने तिला उचललं. सगळ्यांत आधी बाहेर पडली ती हीच. वानरांनी तसं झाडोझाडी ओरडून सांगितलं, हसत हसत.

दुपारी पुन्हा वानरांचा गलका झाला. साळिंदर जिंकलं होतं. ओढ्यापलीकडच्या ओलसर बिळात म्हाताऱ्या आईला घेऊन राहणारं साळिंदर! आणि त्याच्या डब्यात कार्ड कोणतं? तर थोरलीने ओंजळभर दाण्यांना देऊन टाकलेलं. घुशीने ते त्याला स्वस्तात विकलं होतं, हेही वानरांनीच ओरडून सांगितलं.

थोरली तडक त्याच्या बिळावर गेली. "साळिंदरदादा, त्या कार्डाला काय केलंस? घुशीने आत काही बदलून दिलं का?"

साळिंदर गोंधळलं. "नाही गं बाई. मी काही केलं नाही. ये, बघ हवं तर. मागेही जा, तुला काय नाही म्हणायचं! दात तेवढे आवर."

थोरली आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या डब्याच्या मागे गेली. पडद्याची वायर खाली कार्डात लावलेली होती. वरचं मदरबोर्डचं भोक रिकामं होतं. आता तिला आठवलं. तिच्या डब्याला कार्ड नव्हतं तेव्हा तिने वायर त्या वरच्या भोकात लावली होती. पुढे कार्ड आलं, दुसरं कार्ड आलं, वायर तिथेच राहिली. कार्डं बिचारी नुसती बसून होती आणि चित्र पहिल्यासारखं मदरबोर्डच काढत होता.

"ही वायर खाली लावायची, हे तुला कुणी सांगितलं?" तिने विचारलं.

"कुणी नाही. मी आधी वरच लावली होती. चित्र अडखळायला लागलं. मग खालचं टोपण काढून तिथे लावून पाहिली." साळिंदराने काटे जरा पाडले. "आणखी काही विकत घ्यायला माझ्याकडे होतंच काय? आहे तेच उलटंपालटं करून बघितलं."

थोरली घरी आली. डबा भिंतीपासून ओढला, टोपण काढलं, वायर खाली लावली. पडद्यावरच्या फांद्या झुळझुळ वाहायला लागल्या. शिकऱ्याची सावली आली, तिने उडी मारली. पुन्हा आली, पुन्हा मारली. शिकरा थकला, ती नाही थकली. पण हा खेळ बघायला आता वानरंही नव्हती.

धाकटी तिच्याजवळ येऊन बसली. रागावली नाही, म्हणून थोरलीला जास्त लागलं. "पहिल्याच कार्डावर झालं असतं गं," थोरली म्हणाली आणि हमसून हमसून रडली.

चार दिवसांनी साळिंदर आपल्या आईला घेऊन बेहड्याच्या ढोलीत राहायला गेलं. थंडी पडली आणि खारींच्या ढोलीत पिल्लं जन्मली. थोरलीने तो महागडा डबा उत्तरेच्या फटीला आडवा लावला आणि त्याची पाठ पिल्लांकडे केली. गेम चालू ठेवला की मोठं कार्ड भरपूर तापायचं. मागून गरम हवा यायची, त्या हवेत पिल्लं एकमेकांवर लोळून झोपायची.

"वायरी कुरतडतील गं," थोरली म्हणाली.

"दात कुठे आलेत अजून?" धाकटी म्हणाली आणि बऱ्याच दिवसांनी दोघी हसल्या.

पण साठा संपला होता. तो सगळा हिवाळा थोरली पहाटेच्या धुक्यात बाहेर पडायची आणि दुसऱ्यांच्या झाडांखाली सांडलेलं वेचून आणायची. परत आली की डब्याच्या पाठीशी बसून थिजलेले पंजे शेकायची. समोरच ती वायर दिसायची. जिथे तिने सामन्याआधी एकदाही नीट डोकावून पाहिलं नव्हतं, तिथेच आता तिला रोज बसावं लागत होतं.

तर लहानथोर मंडळी, एवढं लक्षात ठेवा: नवं आणायला धावण्याआधी, घरात आहे ते नीट लागलंय का, हे एकदा वाकून बघावं.