मूठभर कोंडा

"दारात कोण ओरडतंय?" महाराजांनी विचारलं.

"कुणी नाही, महाराज. एक म्हातारी आहे."

"कुणाला हाक मारते आहे?"

शिष्याने दाराकडे पाठ केली. "कचरू म्हणून कुणीतरी... आपल्याकडे त्या नावाचं कुणी नाही, असं सांगितलंय मी तिला."

"आणि कडी लावलीस."

"हो."

महाराज पुढ्यातल्या सुपात ज्वारी पाखडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

बाहेरून पुन्हा हाक आली. "कचऱ्या! आरं ए कचऱ्या!"

गोदावरीकाठच्या त्या लहानशा मठात या शिष्याला सगळे पंडित म्हणत. बारा वर्षांत त्याने मठातल्या झाडून सगळ्या पोथ्यांचा फडशा पाडला होता. नाम आणि रूप सगळं मिथ्या आहे, हे तो प्रवचनात इतकं छान समजावून सांगे, की लोक पाच-पाच कोसांवरून ऐकायला येत. आज दुपारी त्याला दीक्षा मिळायची होती. दीक्षा म्हणजे नवं नाव. ते कोणतं असावं, हेसुद्धा त्याने आठ दिवस खपून शोधून ठेवलं होतं. प्रज्ञानंद!

अडचण एकच होती. मठाची रीत अशी, की शिष्याने आधी जमलेल्या लोकांसमोर आपलं जुनं नाव मोठ्याने सांगायचं. ते कुणी ठेवलं आणि का ठेवलं, हेही सांगायचं. मगच गुरू त्याच्या कानात नवं नाव सांगणार.

पंडिताचं जुनं नाव कचरू होतं. बाहेर ओरडत होती ती त्याची आई.

"महाराज, ती रीत माझ्यापुरती वगळा," तो म्हणाला.

"का?"

"लोक हसतील."

"नाव मिथ्या असतं ना?"

"असतं."

"मग एका मिथ्याच्या जागी दुसरं मिथ्या कशाला हवंय तुला?"

पंडिताकडे एरवी प्रश्नाआधी उत्तर तयार असे. आज तो बंद दाराकडे पाहू लागला.

"नाव ठेवलं कुणी?" महाराजांनी विचारलं.

"तिनेच."

"का?"

"अडाणी माणसं, महाराज! पोटच्या पोराला कचरा म्हणायचं, याला काय कारण असणार?" त्याचा आवाज चढला. "गल्लीतल्या बाकीच्या आया पोरांना सोन्या म्हणायच्या, राजा म्हणायच्या. मी शाळेत पहिला आलो, तेव्हा ही सगळ्यांसमोर म्हणाली, ह्याला काय येतंय, कचरा हाय नुसता. बारा वर्षं झाली, पण ते अजून जात नाही... आज तरी मला त्यातून सोडवा."

महाराजांनी सूप बाजूला ठेवलं. उठले, दारापाशी गेले आणि स्वतःच्या हाताने कडी काढली.

म्हातारी आत आली. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेले. तिने मुलाकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ महाराजांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, पदर पसरते. ह्याला चांगलं नाव दिऊ नका."

"आई, गप बस!" पंडित ओरडला.

बारा वर्षांत मठातल्या कुणीही त्याच्या तोंडून 'आई' हा शब्द ऐकला नव्हता.

"बोलू दे तिला," महाराज म्हणाले आणि पुन्हा सुपापाशी जाऊन बसले.

"ह्याच्या आधी चार झाली, महाराज. चौघांला बी हौसेनं चांगली नावं ठिवली. चारी वरीस भरायच्या आत गेली..." म्हातारीने श्वास घेतला. "ह्यो झाला, तवा सुईण म्हणली, उकिरड्यावर टाक ह्याला. म्या टाकला. वल्या अंगाचा. शेजारणीनं उचलून आणला, आन् मूठभर कोंडा दिऊन म्या तिच्याकडून इकत घेतला. कचरू नाव ठिवलं. म्हणलं, यमाला वाटू दे कचराच हाय. कचरा कोण उचलून नेतंय?"

महाराजांचा हात सुपातल्या कोंड्यावर थांबला.

"सव्वीस वर्सं झाली. ह्याच्याशी हासून बोलले न्हाई. तोंडातून एक गोड शबुद गेला, आन् यमानं ऐकला तर? गावात कळलं, आज ह्याला मोठं नाव देणार. तशीच निघाले. रातभर चालले. नका दिऊ, महाराज. ह्यो एकच उरलाय."

पंडित खाली बसला. शब्द म्हणजे नुसता वारा, असं तो दर प्रवचनात सांगत असे. आत्ता त्याला रडू येत होतं, आणि ते लपवण्याचं भानही त्याला उरलं नव्हतं.



"माय," महाराजांनी हळूच विचारलं, "मनात काही दुसरं नाव होतं?"

म्हातारीने मान हलवली. होतं.

"कधी उच्चारलंस?"

"कवाच न्हाई."

"आता सांगशील? इथे आपण तिघंच आहोत."

तिने छताकडे पाहिलं, उघड्या दाराकडे पाहिलं... आणि तळहात तोंडावर घट्ट दाबून धरला.

"आई, सांग की गं." पंडित गुडघ्यांवर सरकत तिच्याजवळ गेला. "एकदाच. माझ्या कानात सांग."

त्याने कान तिच्या तोंडाशी नेला. म्हातारीने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला. तिचे डोळे वाहत होते, पण तोंडावरचा हात काही हलला नाही.

बाहेर माणसं जमू लागली होती. कुणीतरी अंगणात सतरंजी अंथरत होतं. दीक्षेची वेळ झाली होती.

"महाराज," खाली मान घालून पंडिताने विचारलं, "मग माझं नाव काय?"

महाराजांनी सूप पुन्हा हातात घेतलं.

"नाव तिच्यापाशी सुखरूप आहे. तू आधी तिच्या हाकेला ओ दे."