टिचकीची शेंग आणि हट्टी बोल्टोबा

एक होती उंदरीण. एवढीशी! तिचं नाव टिचकी. ती राहायची छबूआत्याच्या शेडमध्ये, जुन्या टायरच्या आत.

छबूआत्याची होती एक गाडी. लाल लाल, चपटी चपटी, शर्यतीची गाडी. दारं दोन, खुर्च्या दोन, आवाज मात्र दहा गाड्यांचा. ढुर्रर्रर्र!

पण आता गाडी गप्प. इंजिनातून तेल गळायचं. ठिप् ठिप् ठिप्. छबूआत्या म्हणाली, "मेकॅनिक कशाला हवा? मीच करते दुरुस्त!"

इंजिनावर होतं एक झाकण. झाकणाला होते दहा बोल्ट. नऊ सुटले पटापट. दहावा काही सुटेना. आत्याने जोर लावला. ऊं... ऊं... ऊं! बोल्ट हलेना. आत्याने त्याचं नाव ठेवलं बोल्टोबा.

मग आली खंडेनवमी. हत्यारांच्या पूजेचा दिवस. आत्याने पान्याला कुंकू लावलं. हातोड्याला कुंकू लावलं. मनी मांजर मधेच येऊन बसली, तर तिलाही लावलं. आणि बोल्टोबालाही लावलं. म्हणाली, "सूट रे बाबा आता!"

झालं! कुंकू लागलं आणि सगळे टम्म फुगले.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी टिचकीला सापडली एक शेंग. भाजलेली शेंग. हलवली की वाजायची, खुळखुळ! म्हणजे आत दाणे दोन. आईने दिलेली नाही. दादाची उष्टी नाही. टिचकीची स्वतःची, पहिलीवहिली शेंग!

टिचकी निघाली घरी. गाडीवरून, इंजिनावरून. तुरू तुरू तुरू.

इंजिनाच्या झाकणाला एक भोक असतं, तेल ओतायचं. त्याचं बूच आत्याने काढलं होतं. आणि लावायलाच विसरली होती. टिचकीचा पाय घसरला. शेंग घरंगळली. घरं घरं घरं... टुप्! गेली भोकात.

तेवढ्यात छबूआत्या आली. बाजेवर आडवी झाली. म्हणाली, "बोल्टोबा सुटत नाही ना? नसू दे! एक डुलकी काढते आणि गाडी तशीच पळवते!"

टिचकी घाबरली. गाडी पळाली तर इंजिन फिरणार. इंजिन फिरलं तर शेंगेचा होणार भुगा!

टिचकी झाकणाला म्हणाली, "झाकणा, झाकणा, माझी शेंग दे."

झाकण म्हणालं, "मी कशी देऊ? बोल्टोबाने मला धरून ठेवलंय."

टिचकी गेली बोल्टोबाकडे. तुरू तुरू तुरू.

"बोल्टोबा, बोल्टोबा, झाकण सोड.
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

बोल्टोबा म्हणाला, "मी नाही ज्जा! कपाळी कुंकू, मी आज देव. देव कधी काम करतो का?"

टिचकी गेली पान्याकडे. तुरू तुरू तुरू.

"पान्या, पान्या, बोल्टोबाला फिरव.
बोल्टोबा झाकण सोडेना,
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

पाना म्हणाला, "मी नाही ज्जा! कपाळी कुंकू, मी आज देव. देव कधी काम करतो का?"

टिचकी गेली हातोड्याकडे. तुरू तुरू तुरू.

"हातोड्या, हातोड्या, पान्याला टपली मार.
पाना बोल्टोबाला फिरवेना,
बोल्टोबा झाकण सोडेना,
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

हातोडा म्हणाला, "मी नाही ज्जा! कपाळी कुंकू, मी आज देव. देव कधी काम करतो का?"

देवच देव झाले सगळीकडे! आता कुणाला सांगायचं?

टिचकी गेली छबूआत्याकडे. तुरू तुरू तुरू. बाजेवर चढली. आत्याच्या कानाशी गेली.

"आत्या, आत्या, हातोडा उचल.
हातोडा पान्याला टपली मारेना,
पाना बोल्टोबाला फिरवेना,
बोल्टोबा झाकण सोडेना,
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

आत्या झोपेतच म्हणाली, "कसली शेंग नि कसलं काय! मी नाही उठत ज्जा!" आणि कूस बदलून घोरायला लागली. घुर्रर्र... फूस्. घुर्रर्र... फूस्.

आता राहिली मनी मांजर. अरे बापरे! उंदरिणीने मांजरीकडे जायचं?

पण शेंग तर हवीच. टिचकी गेली मनीकडे. तुरू... तुरू... तुरू. उंच फळीवर चढली आणि लांबूनच बोलली हं!

"मनी, मनी, आत्याला गुदगुल्या कर.
आत्या हातोडा उचलेना,
हातोडा पान्याला टपली मारेना,
पाना बोल्टोबाला फिरवेना,
बोल्टोबा झाकण सोडेना,
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

मनीने एक डोळा उघडला. "मी नाही ज्जा! कपाळी कुंकू, मी आज देव. देव कधी काम करतो का? आणि देवाचा आज उपास आहे, म्हणून तू वाचलीस!"

टिचकी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु! पळता पळता तिला भेटली मुंगी.

"मुंगीताई, मुंगीताई, मनीला चाव.
मनी आत्याला गुदगुल्या करेना,
आत्या हातोडा उचलेना,
हातोडा पान्याला टपली मारेना,
पाना बोल्टोबाला फिरवेना,
बोल्टोबा झाकण सोडेना,
झाकण शेंग देईना,
टिचकीच्या पोटात कावळे! काव काव काव!"

मुंगीच्या कपाळी कुंकू नव्हतं. मुंगीची पूजा कुणी केलीच नव्हती! मुंगी म्हणाली, "चावायचं? एवढंच ना? चल! पण एक दाणा माझा."

"दिला, दिला!" टिचकी म्हणाली.

मुंगी निघाली लगालगा लगालगा. मनीच्या शेपटीशी आली. आणि... कुट्ट!

"म्यांऽऽव! नको गं चावू! करते, करते गुदगुल्या!"

मनी बाजेवर चढली. तिने शेपटी घातली आत्याच्या नाकात. गुदगुद गुदगुद गुदगुद.

"आँ... आँ... आऽऽक्छीं!" आत्या ताडकन उठून बसली. "झोप उडाली माझी! बरं, उठलेच आहे, तर अजून एकदा बघते."

आत्याने हातोडा उचलला. हातोडा म्हणाला, "अहो, पण मी तर देव..." आत्याने ऐकलंच नाही. हातोड्याने पान्याला टपली मारली. ठण्ण!

"आई गं! फिरवतो, फिरवतो!" पाना म्हणाला आणि बोल्टोबाला चिकटला. कर्र... कर्र... कर्र...

आत्या म्हणाली, "सूट!" पाना म्हणाला, "सूट!" हातोडा म्हणाला, "सूट!" लांबून मनीसुद्धा म्हणाली, "सूट ना रे!"

आणि बोल्टोबा म्हणाला, "मी नाही ज्जा!"

हलला का? छे! जराही नाही.

टिचकीचे डोळे भरून आले. गेली शेंग! पहिलीवहिली शेंग गेली! तिने नाक पुसलं. आणि नाक पुसता पुसता तिला सुचली एक खोडी.

ती गेली बोल्टोबाकडे. गोड गोड आवाजात म्हणाली, "बोल्टोबा, बोल्टोबा, सुटू नकोस हं. घट्ट बस. अजून घट्ट बस!"

बोल्टोबा म्हणाला, "मी नाही ज्जा! तू कोण मला सांगणार?"

हे ऐकलं आणि आत्याने कपाळावर हात मारला. "अगंबाई! हे मी विसरलेच कशी? अडलेला बोल्ट आधी जरासा आवळायचा आणि मग सोडवायचा! आमचे आप्पा असंच करायचे."

आत्याने पाना उलटीकडे फिरवला. अगदी जरासा. म्हणाली, "बोल्टोबा, आवळते हं तुला!"

"मी नाही आवळून घेणार ज्जा! मी नाही, मी नाही, मी ना..."

टक्!

सुटला की बोल्टोबा! गर गर गर गर... टण्ण! पडला जमिनीवर.

मुंगी मनीला चावली,
मनीने आत्याला गुदगुल्या केल्या,
आत्याने हातोडा उचलला,
हातोड्याने पान्याला टपली मारली,
पान्याने बोल्टोबाला फिरवलं,
बोल्टोबाने झाकण सोडलं,
झाकणाने शेंग दिली,
टिचकीच्या पोटातले कावळे? उडाले भुर्रर्र!

आत्या आत वाकून बघते तर काय? "बाप रे! इंजिनात शेंग! गाडी सुरू केली असती तर इंजिनाचे बाराच वाजले असते! कुणी ठेवलं हे बूच उघडं? कोण तो विसरभोळा?"

पान्याने आत्याकडे पाहिलं. हातोड्याने आत्याकडे पाहिलं. मनीनेही आत्याकडे पाहिलं. आत्याने हळूच बूच उचललं आणि खिशात घातलं.

मग आत्या म्हणाली, "टिचके, तू माझी गाडी वाचवलीस गं!" तिने शेंग पुसली, फोडली. वरून काळी काळी, तेलकट तेलकट. आतले दाणे मात्र गुलाबी गुलाबी, कोरडे कोरडे. एक आणि दोन! दोन्ही ठेवले टिचकीपुढे.

आणि आत्याने टिचकीलाही लावलं कुंकू. बोट केवढं, टिचकी केवढी! सगळं डोकंच लाल झालं.

मुंगी आली लगालगा. म्हणाली, "टिचके, माझा दाणा दे."

टिचकी फुगली. टम्म! म्हणाली, "मी नाही ज्जा! कपाळी कुंकू, मी आज देव. देव कधी..."

मुंगीने फक्त टिचकीच्या शेपटीकडे पाहिलं. आणि तोंड उघडलं.

"...देव कधी नाही म्हणतो का?" टिचकी घाईघाईने म्हणाली. "घे, घे! हा मोठा दाणा तुझा!"

मग टिचकीने दाणा खाल्ला, कुडुम कुडुम. मुंगीने दाणा खाल्ला, कुटुम कुटुम. आत्याने तेल गळू नये म्हणून झाकणाखाली नवी रबरी पट्टी घातली. झाकण बसवलं, नऊ जुने बोल्ट आणि एक नवा बोल्ट लावला. बूच लावलं. हो, आठवणीने लावलं! गाडीला झेंडूचा हार घातला. आणि गाडी निघाली, ढुर्रर्रर्र!

बोल्टोबा बसला डबीत. अजून म्हणतोय, "मी नाही ज्जा!" म्हणू दे त्याला. त्याची डबी बंद, आपली गोष्ट बंद, आणि आता तुझे डोळे... नको, नको, मुळीच बंद करू नकोस हं!