अर्ध्यात तुटलेला धूर

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर काडेपेटी अजून कुणी पाहिली नव्हती आणि चूल थंड पडली तर शेजारणीकडून खापरात विस्तव मागून आणावा लागे, तितकी जुनी. त्या काळी डोंगराच्या कुशीत एक गाव होतं. राजा कोण होता ते मला ठाऊक नाही, आणि त्या गावालाही फारसं ठाऊक नसावं.

गावाची एक रीत होती. सोयरिकीचं बोलणं निघालं, की पाहुणे आधी घरी येत नसत. गावासमोरच्या टेकडीवर एक सपाट धोंडा होता. दिवेलागणीला ते त्या धोंड्यावर येऊन बसत आणि मुलीच्या घरातून किती धूर निघतो ते पाहत. धूर दाट, तर घर भरलेलं. धूर विरळ, तर घर रिकामं. येणार कधी, ते सांगायची पद्धत नव्हती. पंधरा दिवसांत कुठल्याही संध्याकाळी यावं, पाहावं, पटलं तर खाली उतरावं, नाहीतर आल्या वाटेनं परत जावं.

सुरुवातीला या रितीत काही वेडेपणा नव्हता. कधीकाळी मोठा दुष्काळ पडला होता. तेव्हा ज्याच्या घरी दाणा, त्याच्याच घरी चूल पेटे, आणि सोयरिकीला आलेला माणूस दुरूनच काय ते समजून घेई. दुष्काळ सरला, रीत मात्र मागे राहिली. मग गावाच्या ध्यानात आलं, की दाणा वाढवण्यापेक्षा धूर वाढवणं सोपं आहे. ओली बाभळ चुलीत तोंडापर्यंत ठासायची, वर हिरवा पाला टाकायचा, की गरिबाघरीही पाटलासारखा धूर. संध्याकाळी गावावर असा धूर साठे, की गुरं आपला गोठा वासावरून शोधत. बायकांचे डोळे बारा महिने लाल असत. कुणी विचारलं तर त्या म्हणत, कांदा चिरत होते.

या गावात भिवरा सून होऊन आली. बाकीच्यांची नावं काळानं पुसली, पण हिचं आणि हिच्या नणंदेचं, तुळसाचं नाव आमच्याकडे अजून सांगतात.

भिवराचं माहेर उघड्या माळावर होतं. तिथं झाड म्हणजे नवलाची वस्तू. वाटेत वाळकी काटकी दिसली तर चांगला शहाणासुरता माणूस वाकून उचलायचा. निघताना आईनं तिच्या लुगड्याच्या घडीत एक गुळगुळीत काडी ठेवली होती. वीतभर लांब, मधे एक खाच.

आई म्हणाली होती, "ही आपल्या चुलीची उंची, आन् खाचंपतुर तिचं तोंड. जाळाचं टोक भांड्याच्या बुडाला टेकलं पायजे. भांड्याच्या अंगावर चढला तर चूल बुटकी, बुडाला पोचलाच न्हाई तर उंच. येवढं ध्येनात ठेव, बाकी हात शिकवंल."

सासरी माणसं बेताची. सासू, धाकटी नणंद तुळसा, आणि दिवसभर रानात राबणारा नवरा. सासरे वारले होते, त्यामुळे घर सासूच्या शब्दानं चाले. सासू मनाची चांगली, पण खोकल्यानं हैराण. डोळ्यांना सतत पाणी, तांदळातला खडा दिसेना. भिवरा महिनोन् महिने नाकाला पदर लावून त्या चुलीपुढे बसली. तिला माहेरची आठवण येई आणि ती रडे. धुराआड रडलेलं कुणाला कळत नाही, एवढीच काय ती सोय होती.

एक दिवस जुनी चूल मधोमध तडकली. भिवरानं धीर करून विचारलं, "आत्याबाई, यक डाव माझ्या आईच्या मापानं चूल घालू का?"

"घाल बाई," सासू म्हणाली. "चूल ती चूल. मातीला काय कळतंय, कुनाची आई कोन?"

भिवरानं वारुळाची माती आणली, त्यात शेण आणि भाताचं तूस घालून दोन दिवस तुडवली. काडी उभी धरून उंची घेतली, आडवी धरून तोंड घेतलं. तोंड इतकं लहान, की लाकडाच्या तीन ढलप्या शिरल्या की चौथीला जागा नाही. तुळसा हसायला लागली.

"वैनी, येवढ्याशा तोंडानं ही खायाची काय?"

"त्वांड ल्हान आसलं की मोजून खाती," भिवरा म्हणाली.

तोंडात तिनं एक खापर आडवं बसवलं. ढलप्या त्याच्यावर, आणि खालून वारा जायला वाट. मग कुंभाराकडून बुड फुटलेली मडकी मागून आणली, एकावर एक रचून मातीनं लिंपली आणि त्यांचं धुराडं छपरातून बाहेर काढलं. जळण बारीक फोडून माळ्यावर सुटंसुटं लावलं. चुलीत घालण्याआधी ती दोन ढलप्या एकमेकींवर आपटून पाही. ठण्ण वाजली तर वाळलेली. थप्प वाजली तर परत उन्हात. भांड्यावर झाकण ठेवल्याशिवाय ती आधणाकडे पाहत नसे. रोज सकाळी राख काढी आणि दर अमावास्येला धुराड्यातली काजळी झाडी.

चूल पेटली, की एक-दोन घटका नाही, चार श्वास धूर निघे. मग जाळ स्वच्छ पिवळा होई, आणि छपरावर फक्त हवा थरथरताना दिसे. चार दिवसांत संपणारी मोळी दहा दिवस पुरू लागली. स्वयंपाक होत आला की भिवरा निखारे पुढे ओढून त्यांच्या धगीला भाकरी उभी करी, आणि भाकरी टम्म फुगे. तसली भाकरी मी लहानपणी खाल्ली आहे. तिला निखाऱ्यांचा वास असे, धुराचा नव्हे, आणि तो वास आठवला की अजूनही जेवताजेवता माझा हात थांबतो.

महिन्याभरात सासूचा खोकला उतरला. एक दिवस भिवरा आणि तुळसा स्वयंपाकघराच्या भिंतीवरची काजळी खरवडत होत्या. खरवडता खरवडता खालून मातीत उठवलेले दोन राघू निघाले, चोचीला चोच लावलेले. सासू धावत आली, जवळ बसली, बोटानं राघूंचे पंख चाचपत राहिली.

"हे म्या काडल्यात गं," ती म्हणाली. "नवी नवरी हुते तवा. यका वर्सात दिसंनासं झालं. मला वाटलं, पडलं आसतील."

त्या दिवशी तिनं राघूंना चुन्याचा हात दिला आणि जेवायला त्यांच्यासमोरच बसली.

पण गाव गप्प बसतंय थोडंच! पाणवठ्यावर बायका म्हणू लागल्या, "त्या घरात काय शिजतंय का नुसतंच भांडी वाजिवत्यात?" बोलण्याचं कुणाला काय, पण तुळसाच्या लग्नाचं वय झालं होतं. दोन ठिकाणचे पाहुणे टेकडीवर आले, छपराकडे पाहून आल्या वाटेनं परत गेले. सासूचं तोंड उतरलं. माझ्या काडीपायी नणंदेचं लग्न अडलं, हे भिवराच्या मनातून हलेना.

मग तिसरं बोलणं निघालं, पलीकडच्या खोऱ्यातल्या घरातून. त्या घरच्या मुलानं जत्रेत तुळसाच्या हातून निसटलेली घागर वरच्या वर झेलली होती. तेव्हापासून तुळसा घागर घासताना उगाच हसे. तिला ते घर मिळावं असं घरात सगळ्यांनाच वाटत होतं, आणि ते हातचं गेलं तर तिला फार लागणार होतं.

पहिल्याच संध्याकाळी सासूनं शेजारून ओल्या बाभळीचा भारा आणला आणि चुलीपाशी टाकला.

"सूनबाई, तुजी चूल चांगली हाय, न्हाई म्हनत न्हाई," ती खाली मान घालून म्हणाली. "पर पोरीच्या जल्माचा प्रश्न हाय. पंद्रा दिस निस्तं."

भिवरानं वाळक्या ढलप्या मागे ओढल्या आणि स्वतःच्या हातानं ओलं लाकूड तोंडात ठासलं. चूल फुसफुसली. खापराखालची वाट बुजली आणि धूर धुराड्यात जायचा तो तोंडातून घरात आला. त्यावर पाला पडला तसा छपरातून काळा लोट उठला. अगदी पाटलासारखा!

घरात तुळसा खोकू लागली. सासूनं पदर तोंडाला लावला. सहा महिने स्वच्छ हवा घेतलेली छाती, तिला तो धूर सोसेना. तिनं डोळे पुसून समोर पाहिलं, तर राघू दिसत नव्हते. तुळसा भिंतीला टेकून दोन्ही मुठींनी डोळे चोळत होती. सासूच्या मनात आलं, खोऱ्यातलं ते घर जर आपल्याला धुरावरून पसंत करणार असेल, तर ते तिथं पोरीला धूरच गिळायला लावणार. मी लेकीचं लग्न करतेय, की तिला काजळीत पुरतेय?

ती उठली. धुमसती लाकडं ओढून काढली, परसात नेऊन मातीत खुपसली, आणि तिथंच उभी राहून रडली.

"न्हाई जमली सोयरीक तर न्हाई," ती म्हणाली. "लाव तुज्या ढलप्या, भिवरे."

छपरावरचा लोट एकदम तुटला.

आता टेकडीवरची हकिगत ऐका. मुलाचे आईबाप त्याच संध्याकाळी धोंड्यावर येऊन बसले होते. धूर उठलेला पाहून बाप खूश झाला होता. मुलाच्या म्हाताऱ्या आईचे डोळे घरच्या धुरानं सदा पाणावलेले, तिला धूर दिसत नव्हता, नवऱ्यानं सांगितला म्हणून कळला. तेवढ्यात बाप ताडकन उभा राहिला.

"आगं, धूर तुटला! सैपाक आर्ध्यात सोडून चूल इझीवली."

त्या मुलखात स्वयंपाक अर्ध्यात सोडून चूल विझवण्याला एकच कारण असे. घरातलं माणूस जाणं. आणि ज्या घरी माणूस जातं, तिथं रिकाम्या हातानं जायचं नाही, भाकरी घेऊन जायचं, कारण त्या घरी चूल पेटत नाही. मनानं माणसं भली होती. सोयरीक विसरून ती आपली शिदोरी काखेत मारून टेकडी उतरली, आणि तुळसाच्या दाराशी जाऊन उंबऱ्याबाहेर खाली बसली. म्हातारीनं पदर डोळ्यांवर घेतला आणि हुंदका दिला.

सासू बाहेर आली. दारात दोन अनोळखी माणसं, समोर फडक्यात भाकरी, डोळ्यांना पदर. ती घाबरली. तिला वाटलं, यांच्याच घरी काहीतरी अघटित झालंय. तीही शेजारी बसून रडू लागली.

बराच वेळ असं रीतसर रडून झाल्यावर बापानं हळूच विचारलं, "बाई, कोन गेलं?"

"त्येच म्या इचारनार हुते," सासू म्हणाली. "तुमचं कोन गेलं?"

तेवढ्यात आतून भाकरीचा खरपूस वास आला, आणि दोन्ही हातांत गरम टोपली घेऊन तुळसा दारात आली. कुणीच गेलं नव्हतं. सगळा उलगडा झाला तेव्हा सासू लाजेनं अर्धी झाली, पण खोटं बोलली नाही. ओली बाभळ का घातली आणि का काढली, ते तिनं जसंच्या तसं सांगितलं.

म्हातारी म्हणाली, "मला ती चूल दावा."

तिला आत चुलीपाशी बसवलं. ढलप्या शांतपणे जळत होत्या, झाकणाखाली आमटी रटरटत होती. म्हातारी बसली ती बसलीच. तिनं सवयीनं डोळ्यांना पदर लावला, आणि थोड्या वेळानं खाली घेतला. पुसायला काही नव्हतं. समोर जाळाच्या उजेडात तुळसा भाकरी थापत होती. म्हातारीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं.

"इहीणबाई," ती शेवटी म्हणाली, "मला तीन सुना हायती. सैपाकघरात कोन कुठली ते म्या खोकल्यावरनं वळखते. चुलीम्होरं बसल्याली सून मला आज पैल्यांदा दिसली. ही पोरगी मला द्या. आन् तिच्यासंगं त्ये चुलीचं माप द्या."

हे ऐकून भिवराचा हात आईची काडी ठेवलेल्या कोनाड्याकडे गेला आणि थांबला. माहेरची तेवढी एकच वस्तू तिच्याजवळ होती. मग तिनं तुरीची एक वाळकी काडी घेतली, त्या मापानं तोडली, खाच पाडली आणि कोनाड्यात ठेवली. आईची काडी तिनं लग्नाच्या दिवशी तुळसाच्या लुगड्याच्या घडीत घातली.

"म्हायेराहून आलीया, म्हायेराहूनच जाऊ दे," ती म्हणाली, आणि दोघी रडल्या. या वेळी धूर नव्हता, त्यामुळे सगळ्यांना दिसलं.

पुढे गावातल्या बायका एकेक करून माप मागायला आल्या. धुराचा थर उतरला आणि घराघरांत भिंतींवरून काय काय निघालं म्हणून सांगू! मोर निघाले, तुळशीवृंदावनं निघाली, एका घरी तर आजेसासूच्या हाताचे ठसे निघाले. टेकडीवरच्या धोंड्यावर पोरं घसरगुंडी खेळू लागली. पाहुणे सरळ दारात येऊ लागले.

आमच्या आईच्या कोनाड्यातही तशी एक काडी होती. आम्ही ती खेळायला घेतली की आई ओरडायची. आता घरात चूल नाही, कोनाडा नाही, आणि ती काडी कुठल्या घरबदलीत हरवली ते कुणालाच आठवत नाही. गोष्ट तेवढी राहिली, ती तुम्हाला दिली.

बोध एवढाच: लोकांना दिसावा म्हणून केलेला धूर आधी आपल्याच माणसांच्या डोळ्यांत जातो.