कवळी कुणाची?

शुक्रवार पेठेत घंटागाडी ढकलणारे तुळशीनाना म्हणजे मोठा सबुरीचा माणूस. नगरपालिकेनं कचरा नेण्याचे घरटी महिन्याला तीस रुपये लावले, तेव्हा पेठेतल्या आबासाहेब सरपोतदारांनी लिहून दिलं, "आमच्या घरातून कचराच निघत नाही. पैसे कशाचे?" मोठ्यांचं बघून बाकीचेही अडून बसले आणि नानांची गाडी बंद पडायची वेळ आली. आबासाहेबांच्या घरची टोपली मात्र रोज गुपचूप गाडीत पडत होती.

एका सकाळी आबासाहेब तोंडाला उपरणं लावून गाडीमागं धावत आले. बोळक्या तोंडानं म्हणाले, "अरे नाना, थांब! माझी कवळी कागदात गुंडाळली होती, ती सुनेनं कचऱ्यात टाकली!"

नानांनी सावकाश कचरा उपसून पुडी काढली. तोवर पेठ गोळा झाली.

"लगेच दिली असती, साहेब," नाना म्हणाले, "पण तुमच्या घरातून तर कचराच निघत नाही. म्हणजे ही दुसऱ्याच कुणाची असणार. मालक सापडेपर्यंत पालिकेत जमा करतो."

पेठ खो खो हसली. आबासाहेबांनी मुकाट्यानं वर्षाचे पैसे काढले. ते बघून बाकीच्यांचेही हात खिशात गेले. पुडी मिळताच आबासाहेबांनी ती उलगडून कवळी घाईनं तोंडाकडं नेली.

"अहो, अहो!" नाना हळूच म्हणाले, "आधी धुऊन तरी घ्या."