खरं नाव सांगणारी आवृत्ती

"पण आपण आपलं नाव का लपवायचं, चाचा?"

केतकीने हे तिसऱ्यांदा विचारलं. आधीच्या दोन्ही वेळा उत्तर आलं नव्हतं. उस्मानचाचा संगणकाचा पंखा काढून जुन्या टूथब्रशने त्यातली धूळ झाडत होते. चाचांच्या हातात पंखा असला की साक्षात ब्रह्मदेवालाही ताटकळावं लागे.

जागा मिरजेची. रुग्णांच्या नातेवाइकांसाठी बांधलेल्या एका धर्मशाळेचं छोटं वाचनालय. चार कपाटं, तीन संगणक, एक माठ. चाचांच्या घराण्याने पिढ्यान् पिढ्या सतारीचे भोपळे तासले. चाचांनी मात्र तीस वर्षं कॉलेजचे संगणक सांभाळले आणि निवृत्त झाल्यावर इथे येऊन बसले. ज्याला शिकायचं असेल त्याने इथे यावं. चाचा कुणाला बोलवायला जात नसत.

केतकी वाळिंबे पुण्याहून रजा काढून आली होती. खरं तर शिकायला नव्हे, मान्यता घ्यायला.

गोष्ट अशी होती. संगणकावर गेम खेळायचे तर क्लायंट नावाचा एक प्रोग्रॅम लागतो. त्यातूनच गेम घ्यायचे, त्यातूनच उघडायचे, त्यातूनच दूरच्या माणसाबरोबर खेळायचे. एका कंपनीने असा एक क्लायंट लिनक्स या संगणकप्रणालीसाठी बनवला. फ्रीबीएसडीसाठी बनवला नाही. फ्रीबीएसडी ही लिनक्ससारखीच दिसणारी, पण वेगळ्या घराण्यातली प्रणाली. वापरणारे मूठभर, आणि त्या मूठभरांचा अभिमान पोतंभर.

तर या प्रणालीच्या पोटात एक दुभाषा बसवलेला असतो. क्लायंट लिनक्सच्या बोलीत काही मागतो. दुभाषा ते ओळखून घरातलं काढून देतो. क्लायंट दारातच विचारतो, 'तू कोण?' दुभाषा म्हणतो, 'लिनक्स.' क्लायंट निर्धास्त आत येतो आणि खेळ सुरू होतो.

हे सगळं नीट चालतं ठेवायचं काम दोन वर्षं केतकी करत होती. नोकरी सांभाळून, फुकट. तिच्या प्रत्येक बदलावर शेवटची नजर मात्र चाचांची असे; या कामात ते तिच्याही आधीपासून होते.

"कंपनी दर महिन्याला यादी काढते," ती म्हणाली. "कुठल्या प्रणालीवर किती माणसं खेळतात त्याची. आपली सगळी माणसं त्यात लिनक्सच्या नावावर जातात. फ्रीबीएसडीपुढे काय आहे, माहितीये? ओळच नाही. शून्यसुद्धा नाही."

चाचांनी पंख्याचं एक पातं पुसलं.

"म्हणून मी दुभाष्याला खरं बोलायला शिकवलं. 'तू कोण?' विचारलं की आता तो सांगतो, फ्रीबीएसडी. बस. तुम्ही मान्यता दिलीत की ही आवृत्ती मुख्य संग्रहात जाईल. मग सगळ्यांच्या मशीनवर."

"चालतीय?"

"माझ्याकडे दोन आठवडे चालतीये. घड्याळासारखी."

"आणखी कुणाला दिलीस?"

"चाचणीला सहा जणांना. एकाचीही तक्रार नाही."

"तक्रार न्हाई... का निरोप न्हाई?"

"एकच ना ते."

चाचांनी पंख्यावर फुंकर मारली. धूळ केतकीच्या नाकात गेली आणि तिला दोन शिंका आल्या. चाचा "जीते रहो" म्हणाले आणि पुढचं पातं पुसू लागले.

केतकीला राग आला. ती हुशार होती, आणि हुशार माणसाला उत्तर मिळालं नाही की ते आपल्या बाजूनेच आहे असं वाटू लागतं. तिने लॅपटॉप उघडून चाचांपुढे सरकवला. मान्यतेच्या चौकटीवर बाण नेऊन ठेवला. आता फक्त बोट टेकवायचं बाकी होतं.

तेवढ्यात दारात एक म्हातारी उभी राहिली.

कपाळाला विभूती, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी, काखेत एक्स-रेचं मोठं पाकीट. ती कानडीत भराभर काहीतरी बोलू लागली. आवाज कापत होता. सकाळपासून चार ठिकाणी विचारून झालं असावं आणि चारही ठिकाणी माना हलल्या असाव्यात.

चाचा उठले. त्यांनी तिला खुर्ची दिली, माठातलं पाणी दिलं आणि कानडीतच बोलू लागले. तेही पुस्तकी कानडी नव्हे. तिच्याच गावच्या विहिरीचं पाणी प्यायल्यासारखी. म्हातारीचा चेहरा सैल झाला. चाचांनी कागदावर डोळ्यांच्या दवाखान्याचा रस्ता काढून दिला. वाटेतल्या खुणा तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतल्या.

जाताना तिने हसून काहीतरी विचारलं.

"हौद्री," चाचा म्हणाले. हो म्हणायची तिकडची रीत केतकीला ठाऊक होती. पुढचाही एक शब्द तिला कळला. अथणी.

म्हातारीने चाचांच्या डोक्यावर हात ठेवला आणि ती निघून गेली.

केतकी पुढे सरकली.

"काय विचारलं तिनं?"

"आमच्यातलाच का रे तू, म्हणाली. कुठल्या गावचा."

"आणि तुम्ही सांगितलंत, अथणीचा?"

"हां."

"चाचा, तुमच्या सात पिढ्या मिरजेच्या! अथणीला तुम्ही कधी राहिलात तरी का?"

"एकदा गेलतो. लग्नाला."

"मग हे धडधडीत खोटं झालं!"

"झालं."

"आणि ती आता गावभर सांगणार, अथणीच्या माणसानं मदत केली. तुमचं नावही घेणार नाही."

"नाव विचारलंच न्हाई तिनं."

"वाईट नाही वाटत?"

चाचांनी जरा विचार केला. त्यांना खोटं बोलायचं नसावं.

"वाटतं की," ते म्हणाले. "थोडं."

हे उत्तर केतकीला अपेक्षित नव्हतं. ती 'नाही' ऐकायला बसली होती आणि 'नाही'वर तिचा मुद्दा तयार होता. तयार मुद्दा तिला गिळावा लागला.

चाचांनी टेबलावरचा पंखा बाजूला सारला. खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि बराच वेळ काहीतरी शोधून मोबाइल तिच्या हातात दिला.

"वाच. मोठ्यानं वाच, माझे डोळे दुखतेत."

डोळे दुखत नव्हते, हे तिला कळत होतं. तरी तिने वाचायला सुरुवात केली. पत्र बार्शीच्या दिगंबर शेटेंचं होतं. निवृत्त चित्रकला शिक्षक. केतकीच्या सहा जणांतले एक.

'आदरणीय उस्मानसाहेब, नव्या आवृत्तीसोबतच्या माहितीच्या पानावर खाली आपला पत्ता दिसला म्हणून लिहितो. मुलगी कॅनडात असते. जाताना तिनेच या संगणकावर सगळं बसवून दिलं. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं ट्रकचा खेळ खेळतो. ती पुढे, मी मागे. ट्रक चालवता चालवता बोलणं होतं. नुसत्या फोनवर आम्हां बापलेकीला बोलता येत नाही. पहिल्यापासूनच नाही. गेले दोन रविवार खेळ उघडत नाही. दाबलं की एकदा चमकतो आणि बंद होतो. काही लिहूनही येत नाही. माझ्याच हातून काहीतरी बिघडलं असणार...'

केतकी थांबली.

"पुढं?"

'...केतकीताईंना कृपया कळवू नये. त्यांनी मोठ्या विश्वासाने नवीन आवृत्ती मला दिली, आणि मी ती पहिल्याच दिवशी मोडून ठेवली. त्यांना वाईट वाटेल. जमल्यास आपणच काही मार्ग सांगावा.'

बाहेर कुणीतरी बादली ठेवली.

केतकीने लॅपटॉप ओढून घेतला आणि जे दोन आठवड्यांपूर्वी बघायचं ते आता बघितलं. नवं नाव ऐकून क्लायंट दारातून परत फिरू नये म्हणून तिने त्याची सुरुवातीची फाइल स्वतःच्या हाताने बदलली होती. तशीच बदललेली फाइल तिने सहा जणांनाही दिली होती. पण क्लायंट स्वतःला कंपनीकडून ताजं करून घेतो. ताजं करताना तो आपली मूळ फाइल परत आणतो. मूळ फाइल विचारते, 'तू कोण?' उत्तर येतं, 'फ्रीबीएसडी.' हे नाव त्या फाइलने कधी ऐकलेलंच नसतं. ती मुकाट्याने दार लावून घेते.

मग केतकीच्याच मशीनवर सगळं घड्याळासारखं कसं चाललं?

कारण चाचणीला अडथळा नको म्हणून तिने स्वतःकडे ताजं करण्याची सोय बंद केली होती. आणि ते साफ विसरली होती.

तिने कपाळावर हात मारून घेतला. सहा जणांची सहा दारं बंद होती आणि ती त्या शांततेला शाबासकी समजून बसली होती.

"हे पत्र कधी आलं?"

"काल संध्याकाळी."

"मग मी आल्या आल्या का नाही दाखवलंत?"

"तू नावाचं बोलत होतीस."

केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं. लाजेचं होतं की रागाचं, तिचं तिलाच कळेना. दोन्हींचं असावं.

"दोन वर्षं, चाचा," ती म्हणाली. "सण बघितला नाही, सुट्टी बघितली नाही. कंपनीनं काही बदललं की मी रजा टाकून बसले. घरी विचारतात, करतेस तरी काय नेमकं? दाखवायला काही नाही माझ्याकडे. सगळं नीट चाललं की ते लिनक्सच्या नावावर. कुठंतरी एक ओळ यावी, एवढंच वाटलं मला. हे चूक आहे का?"

"न्हाई."

"मग?"

चाचांनी पंख्याचे चारही स्क्रू बसवले. एकेक, घाई न करता. मग संगणकाची वायर जोडली आणि बटण दाबलं. पडदा उजळला. चाचांनी कान यंत्राशी नेला. केतकीनेही नकळत नेला.

"काही ऐकू येतं?"

"नाही."

"पंखा बसला मग नीट," चाचा म्हणाले आणि हात पुसायला फडकं शोधू लागले.

केतकीने मान्यतेची चौकट बंद केली. खरं नाव सांगणारी आवृत्ती मागे घेतली. दुभाष्याला पुन्हा जुनं उत्तर शिकवलं. काम पाच मिनिटांचं होतं, तिला अर्धा तास लागला. मध्ये दोनदा ती नुसतीच पडद्याकडे बघत बसली, आणि दोन्ही वेळा चाचांनी तिच्याकडे बघितलं नाही. या वेळी ताजं करण्याची सोय चालू ठेवून तिने क्लायंट उघडला. त्याने विचारलं, 'तू कोण?' उत्तर गेलं, 'लिनक्स.' खेळांची यादी आली.

मग तिने सहाही जणांना ही आवृत्ती पाठवली आणि सोबत पत्रं लिहिली. चूक माझी होती, तुमची नव्हे. आता सुरू होईल. शेटे मास्तरांच्या पत्रात ती जास्त वेळ अडकली. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी तीनच ओळी पाठवल्या. चौथ्या ओळीत, खेळ सुरू झाला की आठवणीने कळवा, असं लिहिलं होतं. ती ओळ तिने खोडली होती.

निघायची वेळ झाली. तिने लॅपटॉप पिशवीत घातला, चाचांच्या पाया पडली. दारापर्यंत गेली आणि तिथेच घुटमळली.

"चाचा..."

"बोल, पोरी."

"रविवारी सुरू झालं तर... कळवतील ना मास्तर? निदान तुम्हाला तरी?"

चाचा दुसऱ्या संगणकाचं झाकण उघडत होते. त्यातही बरीच धूळ होती.

"न्हाई कळवणार."

"का?"

"ट्रक चालवत असतील."