नदीपलीकडची मुकी हरणं

नदीच्या अलीकडच्या रानात हरणांचा एक मोठा कळप राहत असे, आणि मुलांनो, इतका बडबडा कळप साऱ्या रानात दुसरा नव्हता. वाघाची नुसती चाहूल लागली, की पहिली हरिणी ओरडे. तिचं ऐकून दुसरी, मग झाडावरचा वानर, मग मोर. आपण दिसलो हे कळलं, की वाघही वैतागून निघून जाई. ओरडणं म्हणजे शेजारधर्म, असं तिथे प्रत्येक पाडसाला दुधाबरोबर शिकवलं जाई.

एका उन्हाळ्यात पलीकडच्या रानात वणवा पेटला आणि तिकडची हरणं नदी उतरून अलीकडे आली. अंगावर तेच पांढरे ठिपके, तेच ओले डोळे. फक्त एक गोष्ट वेगळी होती. ती चरता चरता मधेच थांबत. सगळी एकदम. घास तोंडातच राही, कान ताठ होत आणि सगळ्या माना नदीकडे वळत. नदीपाशी पाहावं तर काही नसे. थोड्या वेळाने ती पुन्हा चरू लागत, जणू काही झालंच नाही.

अलीकडच्यांनी लगेच निकाल देऊन टाकला. मोर म्हणाला, "पलीकडची जातच घुमी. मनात काही काळंबेरं असल्याशिवाय कुणी असं गप्प होतं का?"

वानर फांदीवरून खाली वाकून हळूच म्हणाला, "मी तर ऐकलंय, ती वणव्यातच मेली. ही नुसती कातडी फिरतायत."

हे त्याने कुणाकडून ऐकलं, ते कुणी विचारलं नाही. असल्या गोष्टीत विचारपूस केली की गोष्टीची गंमत जाते ना!

कळपातल्या एका हरिणीला मात्र यात गंमत वाटत नव्हती. तिचं एकुलतं एक पाडस दिवसभर त्या परक्या पाडसांत खेळे. "त्या मुक्यांत जाऊ नकोस," असं ती रोज बजावी आणि ते रोज जाई. मुलं कुठलीही असोत, ऐकतात थोडीच!

एका संध्याकाळी ती त्याला हाका मारत निघाली. ओ येईना. करवंदीच्या जाळीला वळसा घालून पाहते, तर पाडस तिथेच उभं. डोळे टक्क उघडे, कान ताठ, मान नदीकडे. नाकावर माशी बसली होती, तरी ते हललं नाही. तिने त्याला ढुशी दिली. "बोल ना रे! आई हाका मारतेय, ऐकू येत नाही का?"

पाडस बऱ्याच वेळाने कुजबुजलं, "हळू बोल, आई. त्याला ऐकू येतं."

"कुणाला?"

"पलीकडची त्याचं नाव मोठ्याने घेत नाहीत."

हरिणी धावत कळपाकडे आली. "माझ्या लेकराला त्यांनी काहीतरी केलंय," ती रडत म्हणाली. "तेही त्यांच्यासारखं व्हायला लागलंय." मग काय, सगळा कळप पेटला. उद्या उजाडलं, की शिंगं लावून त्या घुम्यांना नदीत लोटायचं, असं ठरलं. पाऊस लागून नदीला तेव्हा पाणी चढलेलं होतं. लहान पाडसं त्यातून पार होणार नाहीत, हे सर्वांना माहीत होतं. पण तसं कुणी बोललं नाही. बघा, गप्प बसायला अलीकडच्यांनाही येत होतंच.

सकाळी उठून हरिणी पाहते, तर दाट धुकं पडलेलं. वारा बिलकूल नाही. आणि कुशीतलं पाडस नाहीसं झालेलं. हाक मारायला तिने तोंड उघडलं, पण धुक्यात समोर काहीतरी उभं दिसलं. ती पुढे गेली. ती पलीकडची हरणं होती. सगळी नदीकडे मान करून, दगडासारखी उभी. श्वास चालल्याचंही कळत नव्हतं. क्षणभर तिला वाटलं, वानर म्हणाला तेच खरं. आणि त्या कातड्यांच्या मधोमध तिचं पाडस उभं होतं.

तेवढ्यात काठावरच्या खडकावरून मोराचा आवाज आला, "उठा रे! आज घुम्यांना घाल..."

आवाज मधेच तुटला. पंख फडफडल्याचंसुद्धा ऐकू आलं नाही.

मग धुक्यातून तो आला. म्हातारा, हाडं निघालेला बिबळ्या. जबड्याला निळी-हिरवी पिसं चिकटलेली, पण तेवढ्याने त्याचं पोट भरलेलं दिसत नव्हतं. त्याचे दोन्ही डोळे दुधासारखे पांढरे होते. तो काही पाहत नव्हता. त्याचे कान तेवढे फिरत होते.

हरिणीच्या घशाशी ओरड आली. जन्मभर तिने तेच केलं होतं, तेच तिला भलेपणाचं वाटत आलं होतं. पाडसाने फक्त डोळे वळवून तिच्याकडे पाहिलं. शेजारच्या एका म्हाताऱ्या परक्या हरिणीने आपली मान अलगद तिच्या पाठीवर टेकवली. त्या मानेला ऊब होती. आत रक्त धडधडत होतं, अगदी हिच्यासारखंच. हरिणीने ओरड गिळली.

बिबळ्या तिच्यासमोर येऊन थांबला. त्याचा ओला श्वास तिच्या नाकाला लागला. तो वाट पाहत होता, कुणीतरी बोलेल म्हणून. कुणी बोललं नाही. शेवटी तो वळला आणि धुक्यात मिसळून गेला.

बऱ्याच वेळाने म्हातारी हरिणी पुटपुटली, "मागच्या एका वणव्यात त्याचे डोळे गेले आणि नाकही जळलं, पोरी. तेव्हापासून तो कानांनी शिकार करतो. तिकडे आता ऐकायला काही उरलं नाही, म्हणून रोज काठावर येऊन इकडचं ऐकत बसायचा. आज नदी उतरून आला."

"मग आम्हाला सांगितलं का नाही तुम्ही?"

म्हातारीने मान खाली घातली. "आमच्यात म्हणतात, अलीकडची सगळी दुष्ट. ओरडून ओरडून त्याला दुसऱ्यांच्या अंगावर घालतात. मलाही तसंच वाटायचं."

ऊन वर आल्यावर कळप शिंगं परजत आला. खडकावरची पिसं आणि काठावरचे बिबळ्याचे ठसे पाहून वानर किंचाळला, "यांनीच आणलं त्याला!"

"तो आंधळा आहे, आपल्या आवाजावर आला," हरिणी म्हणाली. "माझं लेकरू यांच्यामुळे जिवंत आहे. यांना लोटायचं असेल, तर आधी मला लोटा." आणि पाडसाला घेऊन ती परक्यांच्या बाजूला जाऊन उभी राहिली. कळप कुरकुरत परतला. जाताना कुणीतरी म्हणालंच, "हिलाही केलं त्यांनी काहीतरी."

पुन्हा एकदा तसंच धुकं पडलं. चरता चरता हरिणी एकाएकी थांबली आणि तिची मान नदीकडे वळली. तिला नावं ठेवणाऱ्यांनी ते पाहिलं. त्यांना मोर आठवला. एकेकाचा घास तोंडातच राहिला. वानराने आपल्याच तोंडावर हात दाबून धरला. त्या दिवशी आंधळा बिबळ्या साऱ्या कळपामधून चालत गेला. दोन्ही काठांची हरणं त्याच्या डाव्या-उजव्या अंगाला श्वास रोखून उभी होती, आणि हे रान रिकामं आहे असं समजून तो उपाशीच निघून गेला.

तात्पर्य : परक्या मुलखातल्यांची रीत वेगळी दिसली, म्हणून त्यांचं मन काळं ठरवू नये. ती रीत त्यांना कोणत्या भीतीने शिकवली, हे आधी विचारावं. उद्या ती भीती आपल्याही दारी येऊ शकते.